संमती एकदा, वसुली दरवर्षी

वैचारिक साप्ताहिके चालविणाऱ्यांना वर्गणीदाराचा स्वभाव चांगला परिचित असतो. वर्षाची मुदत भरत आली की अंकाच्या वेष्टनावर ‘वर्गणी संपली’ असा शिक्का उमटे, सोबत एखादे छापील कार्ड जाई आणि मग व्यवस्थापक मनिऑर्डरची वाट पाहत बसे. ती आली तर अंक चालू राही. न आली तर दोन-चार अंक संकोचापोटी जात आणि मग बंद होत. ह्या पद्धतीने साप्ताहिकांचे नुकसान पुष्कळ झाले. कित्येक त्यातच बुडाली. परंतु तिच्यातील एक गोष्ट निर्विवाद होती. आठवण ठेवण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर होती, आणि वाचकाने पुन्हा एकदा ‘हो’ म्हटल्यावाचून त्याच्या खिशातील पैसा हलत नव्हता.

संगणकाच्या संरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या अँटीव्हायरस सॉफ्टवेअरच्या व्यापारात नेमकी उलटी रीत रूढ झाली आहे. नवा लॅपटॉप घरी येतो तेव्हा त्यात अशा एखाद्या सॉफ्टवेअरची काही आठवड्यांची चाचणी आवृत्ती पुष्कळदा आधीच घातलेली असते. ती मुदत संपू लागली की पडद्यावर तांबड्या रंगातील इशारे झळकू लागतात. संगणक धोक्यात आहे, असे वारंवार बजावले जाते. घाबरलेला गृहस्थ ‘आजच घ्या, निम्म्या किमतीत घ्या’ ह्या सूचनेवर बोट ठेवतो, कार्डाचा क्रमांक भरतो आणि निश्चिंत होतो. त्याच पानावर, बारीक अक्षरांत, एक ओळ असते: मुदत संपल्यावर त्या वेळी चालू असलेल्या दराने वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होईल. वर्ष उलटते. एके सकाळी बँकेचा संदेश येतो आणि खात्यातून गेलेली रक्कम पहिल्या वर्षीच्या दुप्पट, क्वचित त्याहूनही अधिक असल्याचे ध्यानात येते. पुष्कळांच्या ते ध्यानातही येत नाही. ह्यात बेकायदेशीर असे सकृद्दर्शनी काहीच नसते. संमती घेतलेली असते. फक्त ती एकदाच घेतलेली असते.

हा विषय पक्षाच्या साप्ताहिकाने हाती घ्यावा इतका मोठा आहे काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तो प्रश्न तेल-साखरेचा, चुलीचा होता. त्या महागाईपुढे अँटीव्हायरसची वर्गणी म्हणजे सुखवस्तूंची किरकोळ तक्रार वाटावी, हे स्वाभाविक आहे. पण आज संगणक फक्त सुखवस्तूंच्या घरात नाही. पतसंस्थेच्या कचेरीत, तालुक्याच्या वाचनालयात, झेरॉक्सच्या दुकानात, निवृत्त शिक्षकाच्या टेबलावर तो आहे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी जो माणूस कार्डाचा क्रमांक भरतो तो सहसा सॉफ्टवेअरमधला जाणता नसतो. शिवाय तेलाचा भाव वाढला की दुकानाच्या फळीवरचा आकडा बदलतो, चार बायका तो पाहतात, बोलतात, एकत्र येतात. इथे प्रत्येकाची भाववाढ वेगवेगळ्या तारखेला, एकट्याच्या खात्यात, न बोलता होते. तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही ह्याचे कारणही तेच.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक प्रत्येक खरेदीच्या वेळी किंमत आणि उपयोगिता तोलून पाहतो. नूतनीकरणाच्या क्षणी मात्र हा ग्राहक तराजूसमोर उभाच नसतो. त्याच्या अनुपस्थितीची किंमत किती, ह्याचे मोजमाप अभ्यासकांनी केलेले आहे. स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर ह्यांनी २००६ साली अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद इतके क्वचित येत, की त्यांना दर भेट १७ डॉलरहून महाग पडे. दहा भेटींचे तिकीट काढले असते तर तीच भेट १० डॉलरला पडली असती. त्याहून नेमका पुरावा २०२३ साली लिरान आयनाव, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी ह्यांनी पुढे आणला. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. बँकेने जुने कार्ड बदलून नवे दिले की चालू वर्गण्यांसाठी ग्राहकाला नवा क्रमांक पुन्हा भरावा लागतो. म्हणजे त्या एका महिन्यात त्याला हवे-नको ठरवावेच लागते. नेमक्या त्याच महिन्यात वर्गण्या सोडणाऱ्यांची संख्या उसळी घेते. दहा लोकप्रिय सेवांच्या ह्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ग्राहक पूर्ण सावध असता तर जेवढे उत्पन्न झाले असते त्याच्या तुलनेत त्याच्या दुर्लक्षामुळे विक्रेत्यांचे उत्पन्न १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढते. दुर्लक्ष हा ह्या धंद्यातील अपघात नाही. तो जमेच्या बाजूला धरलेला आकडा आहे.

अँटीव्हायरसला हे गणित विशेष लागू पडते. विषाणूंचा माग काढणाऱ्या तज्ज्ञांवर कंपनीला मोठा खर्च करावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. पण तयार झालेल्या सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे नवे गिऱ्हाईक कितीही स्वस्तात ओढले तरी परवडते, आणि भरपाई जुन्याकडून करता येते. पहिल्या वर्षीचा दर हे आमिष. खरी किंमत दुसऱ्या वर्षापासूनची. पूर्वीचा वाणी जुन्या गिऱ्हाइकाला दोन पैसे सूट देई, वेळेला उधारीही देई. इथे जितके जुने गिऱ्हाईक तितका चढा दर. दरवर्षी घासाघीस करणारा तरुण स्वस्तात सुटतो. त्याच्या सवलतीचा भार विसरभोळ्या म्हाताऱ्यावर पडतो. उलट्या दिशेचे हे पुनर्वाटप कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

परदेशांतील अनुभव पाहण्यासारखा आहे. जून २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो ह्यांनी सिमँटेक, म्हणजे नॉर्टन विकणारी तेव्हाची कंपनी, आणि मॅकॅफी ह्या दोघांना ह्याच कारणासाठी जाब विचारला. नूतनीकरणाची अट स्पष्टपणे न सांगता ग्राहकांकडून पैसे घेतल्याबद्दल दोघांनी प्रत्येकी ३,७५,००० डॉलर दंड भरला. नूतनीकरणाच्या आधी व नंतर सूचना देण्याचे आणि ६० दिवसांत मागणी केल्यास पैसे परत करण्याचे कबूल केले. प्रकरण तिथे संपायला हवे होते. तसे झाले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटनमधील सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या संस्थेने एकनिष्ठ ग्राहकांवर पडणाऱ्या भुर्दंडाविषयी तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार केली. ती विमा, मोबाइल, गृहकर्ज अशा क्षेत्रांविषयी होती. पण तिच्या निमित्ताने प्राधिकरणाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अँटीव्हायरस कंपन्यांचीही चौकशी सुरू केली. नॉर्टनने मागितलेली काही माहिती देण्याचे नाकारले, तेव्हा मार्च २०२० मध्ये प्राधिकरणाला न्यायालयात जावे लागले. अखेर मे २०२१ मध्ये मॅकॅफीने आणि जूनमध्ये नॉर्टनने लेखी हमी दिली: नूतनीकरण होऊन गेल्यावरही ग्राहकाला करार मोडता येईल आणि न वापरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतील. बारा वर्षांच्या अंतराने, अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर, जवळपास तीच तक्रार आणि जवळपास तेच आश्वासन.

जर्मनीने अधिक सोपा मार्ग काढला. १ जुलै २०२२ पासून तेथे संकेतस्थळावर वर्गणी विकणाऱ्याला करार रद्द करण्याचे बटणही तेथेच, ठळकपणे ठेवावे लागते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच नियम जाहीर केला, परंतु तो पूर्णपणे अमलात येण्यापूर्वीच जुलै २०२५ मध्ये अपिलीय न्यायालयाने रद्दबातल ठरविला. मात्र त्याच कमिशनने ॲमेझॉनच्या प्राइम वर्गणीविरुद्ध चालविलेला खटला सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्या खटल्यात एक मौजेची गोष्ट उघड झाली होती. वर्गणी रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात ‘इलियड’ असे नाव होते. होमरचे महाकाव्य किती लांब आहे हे कंपनीतील मंडळींना ठाऊक होते, असे दिसते!

भारतात ह्या प्रश्नाला वेगळे वळण लागले ते रिझर्व्ह बँकेमुळे. २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने तिने कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या वसुलीसाठी नियम घालून दिले. पहिल्या वेळी ओटीपीसारखी जादा पडताळणी सक्तीची. पुढील प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला रक्कम, तारीख आणि विक्रेत्याचे नाव कळवायचे. आणि ती एक वसुली किंवा सगळा ई-मँडेटच थांबविण्याची सोय द्यायची. बँका व कंपन्या वेळेवर तयार झाल्या नाहीत म्हणून मुदत वाढवून अखेर १ ऑक्टोबर २०२१ पासून हे नियम कसोशीने लागू झाले. तेव्हा कित्येक परदेशी सेवांच्या वर्गण्या तुटल्या आणि गैरसोयीबद्दल बराच ओरडा झाला. त्यांपैकी किती वर्गण्या पुन्हा जोडल्या गेल्या नाहीत, हे कोणी मोजले असते तर आयनाव आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाला जोडीदार मिळाला असता.

नियम चांगला, पण त्याची धार पुढे बोथट होत गेली. ओटीपीशिवाय वसूल करता येणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभी २,००० रुपये होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. घरगुती अँटीव्हायरसची वार्षिक वर्गणी ह्या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते, दुप्पट झाली तरी बसते. म्हणजे ग्राहक आणि वसुली ह्यांच्यामध्ये उभा राहतो तो केवळ एक संदेश, आणि तोही कर्जाच्या व लॉटरीच्या पन्नास संदेशांच्या गर्दीत. शिवाय मँडेट ठरावीक रकमेचा की बदलत्या रकमेचा हे ग्राहकाने निवडायचे आणि बदलत्या रकमेची कमाल मर्यादाही त्यानेच घालायची, असा मूळ संकेत आहे. प्रत्यक्षात तो आकडा पुष्कळदा आधीच भरून येतो. दीड हजाराच्या खरेदीसाठी पंधरा हजारांपर्यंतचा अधिकार आपण लिहून देत आहोत, हे घाईत कोणाच्या लक्षात येते?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसविणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यांत नावानिशी दिल्या असून वर्गणीचा सापळा ही त्यांपैकी एक आहे. रद्द करण्याची वाट लपविणे, ती अवघड करणे, फुकट चाचणीसाठी कार्डाचा तपशील सक्तीने मागणे, हे सारे त्यात मोडते. खोटी घाई निर्माण करणे हीही त्याच यादीत आहे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. कायदा आहे, तो वापरणारी माणसे हवीत.

आता मुळातला प्रश्न. हे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज किती जणांना आहे? २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर हे संरक्षण विंडोजमध्येच अंतर्भूत असते. त्यासाठी वेगळा पैसा द्यावा लागत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ह्या स्वतंत्र चाचणी संस्थांच्या अहवालांत त्याला अलीकडच्या वर्षांत चांगले गुण मिळत आले आहेत. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, वाचन-लेखन एवढेच काम असलेल्या घरगुती माणसाला, विंडोज वेळच्या वेळी अद्ययावत ठेवली आणि अनोळखी जोडपत्रे उघडली नाहीत, तर ते बहुधा पुरते. ज्या संगणकांवर अजून विंडोज १० आहे त्यांनी एक ध्यानात घ्यावे: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित देखभाल थांबली. मूळ प्रणालीतील भोके उघडी ठेवून वर महागडा अँटीव्हायरस बसविणे म्हणजे पडक्या भिंतीच्या घराला भक्कम कुलूप लावणे होय.

डिफेंडरला पर्याय म्हणून ‘फुकट’ अँटीव्हायरसकडे वळणाऱ्यांनीही जपून असावे. अवास्ट ह्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने वापरकर्त्यांच्या संकेतस्थळ-भेटींची माहिती गोळा केली आणि जंपशॉट ह्या तिच्या उपकंपनीमार्फत ती विकली गेली. जंपशॉट २०२० साली बंद झाली. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश अवास्टला दिला. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचविण्यासाठी नेमलेल्या रखवालदारानेच पाळतीचा धंदा केला, असा हा प्रकार.

पतसंस्था, दुकाने, छोटी कार्यालये ह्यांना मात्र अनेक संगणकांची एकत्र देखरेख करणारे विकतचे सॉफ्टवेअर लागू शकते. त्यांच्यासाठी दुकानातून रोखीने परवाना-क्रमांकाचे खोके विकत घेण्याची पद्धत अजूनही हिताची आहे. पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर ह्यांची क्विक हील अशाच खोक्यांतून, गल्लीबोळांतील संगणक-विक्रेत्यांच्या हातून देशभर पोचली. अशा खरेदीत कंपनीजवळ ग्राहकाचे कार्ड नसते. मुदत संपली की तिला पुन्हा विचारावेच लागते. अर्थात खोके घेतल्यावरही नोंदणीच्या वेळी कार्ड मागणारी काही उत्पादने आहेत. ते आधी विचारून घ्यावे.

संकेतस्थळावरून घ्यायचेच झाले तर पहिल्या वर्षीच्या आकड्याकडे पाहू नये. दुसऱ्या वर्षीचा दर शोधावा, आणि तो सापडत नसेल तर तेवढ्याच कारणाने ती कंपनी सोडून द्यावी. पैसे भरल्याच्या दिवशीच आपल्या खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करावे. तसे केल्याने भरलेल्या वर्षाचे संरक्षण सहसा जात नाही. तरी बंद करण्याआधी ती अट वाचावी, कारण काही योजनांत एखादी जादा हमी नूतनीकरण चालू असण्याशी बांधलेली असते. पुष्कळांची फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. ते संगणकावरून सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि व्यवहार संपला असे समजतात. करार संगणकात नसतो, कंपनीच्या खात्यात असतो. तो तेथेच मोडावा लागतो. मोबाइलवर गूगल प्ले किंवा ॲपलच्या दुकानातून वर्गणी भरली असेल तर त्या दुकानाच्या खात्यातून. एवढे करून बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधील ऑटोपेच्या यादीतूनही मँडेट काढून टाकावा. आणि पैसे गेलेच, तर गप्प बसू नये. वार्षिक नूतनीकरणानंतर ६० दिवसांत परतावा देण्याची अट काही मोठ्या कंपन्यांच्या नियमांत आजही आहे.

ह्या पद्धतीचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. खरे नूतनीकरण असे गुपचूप होते म्हणूनच खोट्या नूतनीकरणाचा धंदा चालतो. ‘आपल्या अँटीव्हायरसचे नूतनीकरण झाले, इतके पैसे कापले गेले, रद्द करायचे असल्यास ह्या क्रमांकावर फोन करा’ अशी बनावट बिले नामांकित कंपन्यांच्या नावाने जगभर फिरत असतात. फोन करणाऱ्याला संगणकाचा ताबा देण्यास सांगून त्याचे खाते रिकामे केले जाते. आपण खरोखर काय लिहून दिले आहे हेच ज्याला आठवत नाही, त्याला खरे-खोटे ओळखता येणार कसे? अशा बिलावरील क्रमांकावर कधीही फोन करू नये; आपल्या बँकेच्या आणि कंपनीच्या खात्यात स्वतः जाऊन पाहावे.

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की नूतनीकरण आपोआप झाले नाही तर संगणक मध्येच उघडा पडेल. त्यात तथ्यांश आहे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु विंडोजमधील डिफेंडर दुसरे सॉफ्टवेअर निकामी झाल्यावर सामान्यतः आपण होऊन जागे होते. आणि काळजी संरक्षणाची असेल तर दर दुप्पट का व्हावा? जुन्याच दराने नूतनीकरण करणाऱ्या कंपनीचे म्हणणे ऐकून घेता येईल, बाकीच्यांचे नाही.

रिझर्व्ह बँकेकडे मागणी करायची ती ह्याच मुद्द्यावर. ओटीपीची कसोटी केवळ रकमेच्या आकाराला न लावता दरातील वाढीलाही लावावी: गेल्या वेळेपेक्षा एक रुपया जास्त घ्यायचा असेल तर ग्राहकाची नव्याने संमती घ्यावी. वार्षिक वर्गणीच्या बाबतीत २४ तासांची सूचना अपुरी आहे. ती किमान दोन आठवडे आधी आणि जुना दर व नवा दर शेजारी-शेजारी छापून मिळावी. ग्राहक संघटना, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि पक्षाच्या शाखा ह्यांनी ही निवेदने पाठवावीत. तोवर एखाद्या रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर दोन तरुण कार्यकर्त्यांनी बसावे आणि येणाऱ्या ज्येष्ठांना त्यांच्याच मोबाइलमधील ऑटोपेची यादी उघडून दाखवावी. पासवर्ड किंवा ओटीपी विचारू नये, फोन हातात घेऊ नये. बोट त्यांचेच असावे.